फांदीवरची बैठक

मे महिना लागला की ठाण्यात झाडं हलकी करायची घाई सुटते. जूनच्या पहिल्या वाऱ्यात गुलमोहराची फांदी कुणाच्या तरी गाडीवर येणार, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. सोसायट्यांच्या गेटवर वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीचे कागद चिकटवलेले दिसू लागतात आणि नौपाड्यापासून वर्तकनगरपर्यंत कुठल्याही गल्लीत सकाळी करवतीचा आवाज येतो. खाली चार माणसं जमतात. ‘वायरीकडची आधी घे’, ‘अरे ती नको, तिच्यावर घरटं आहे’ अशा सूचना सुरू होतात. सगळ्यांचे डोळे फांदीवर. वर चढलेल्या माणसाच्या कमरेला काय आहे, तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

मी बघते. कॉलेजात असताना मुंब्र्याच्या कातळांवर दोर लावून चढायचे, तेव्हापासून कुणी उंचावर दिसलं की नजर आधी गाठीकडे जाते. ठाण्यातल्या झाडांवर मला दोनच प्रकार दिसत आलेत. एक म्हणजे पोटाभोवती नायलॉनचा नाहीतर काथ्याचा दोर आणि त्याचं दुसरं टोक फांदीला. दुसरा प्रकार अलीकडचा. इमारतींच्या कामावर असतो तो अंगभर पट्ट्यांचा भगवा हार्नेस, त्याच्या पाठीमागून लोंबणारा आकडा, आणि तो आकडा बहुतेक वेळा कुठेच अडकवलेला नाही. पहिला प्रकार पाहून पोटात गोळा येतो. दुसरा पाहून खालच्या लोकांना हायसं वाटतं. मला नाही वाटत.

आकडा मोकळा असतो यात चढणाऱ्याचा निष्काळजीपणा कमी आणि पट्ट्याचा दोष जास्त, असं माझं मत आहे. खरं तर पट्ट्याचाही दोष नाही, तो शिवलाय वेगळ्या कामासाठी. परांचीवरचा किंवा स्लॅबच्या कडेचा माणूस स्वतःच्या पायांवर उभा असतो. अंगावरचा हार्नेस दिवसभर काहीच करत नाही. पाय सटकला तरच त्याचं काम सुरू होतं. खांद्यांच्या मधोमध पाठीवर असलेल्या कडीतून तो माणसाला धरतो, म्हणजे पडलेला माणूस डोकं वर, पाय खाली असा राहतो. झाडावरचा माणूस मात्र पहिल्यापासूनच लटकलेला असतो. डोक्यावरच्या जाड बेचक्यातून दोर घेतलेला, पोटासमोरच्या गाठीवर सगळं वजन, आणि त्या दोरावर रेलून तो फांदीच्या टोकाकडे पावलं टाकत जातो. पट्टा हीच त्याची बैठक. पाठीत कडी असलेल्या हार्नेसमध्ये असं रेलता येत नाही, माणूस पुढे पालथा होतो. मग तो आकडा सोडून देतो आणि पूर्वीसारखा हातापायांनी चढतो. अंगावर पट्टे दिसतात म्हणून खालचे निश्चिंत, आणि वरचा आपला मोकळाच.

गिर्यारोहणाचा हार्नेस निदान बैठकीचा असतो: कमरपट्टा आणि दोन मांडीपट्टे. पण कातळावर वजन बोटांवर आणि पायांच्या चवड्यांवर असतं. हार्नेसनं पडताना झेलायचं, एरवी अंगावर जाणवायचंही नाही, म्हणून तो बारीक आणि हलका शिवतात. मुंब्र्याला भिंतीच्या मध्यावर दोर धरून लटकत थांबावं लागलं की अर्ध्या तासात मांड्यांना मुंग्या यायच्या. आम्ही कूस बदलत, एकमेकांना शिव्या देत वेळ काढायचो. तो वेळ निघून जाई. झाडावरच्या माणसाला मात्र सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याच बैठकीत बसायचं असतं, आणि हातात करवत असते.

आमची सोसायटी पाचपाखाडीतली जुनी. गेटवर एक रेन ट्री, आतल्या बाजूला गुलमोहर, आंबा, एक फणस, आणि कंपाउंडच्या भिंतीलगत नारळ. छाटणीला कित्येक वर्षं मुरबाडकडचा एक गडी येतो. वयानं माझ्याहून बराच लहान, पण सगळे त्याला दादा म्हणतात म्हणून मीही दादाच म्हणते. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबई-ठाण्याजवळून गेलं, त्यात रेन ट्रीची एक फांदी मोडून खाली न पडता वरच अडकून राहिली, बरोबर गेटच्या वर. ती सोडवायला दादा पोटाला दोर बांधून गेला होता. तेव्हापासून मी कमिटीच्या मागे लागले होते की त्याच्यासाठी एक नीट पट्टा घेऊ.

कमिटीचा विरोध नव्हता. खजिनदार म्हणाले, ‘‘दोन-तीन हजारांत मिळतो की, आयएस मार्कवाला. घेऊन टाका.’’ मार्क खरा असतो. आयएस ३५२१ हे अशा हार्नेससाठीचं भारतीय मानक आहे, आणि इमारतीच्या कामाला तोच घ्यावा. मला म्हणायचं होतं ते वेगळंच. हा पट्टा खरेदी करणारे आपण कधी लटकणार नाही, आणि जो लटकणार त्याला कुणी विचारलेलं नाही. दुसऱ्याच्या पायाची चप्पल आपण परस्पर आणत नाही, त्याला दुकानात नेतो. यावर सेक्रेटरी म्हणाले, ‘‘अहो वहिनी, मग घेऊन जा की दादाला.’’ गमतीत म्हणाले असतील. मी खरंच नेलं.

मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर दोर, साखळ्या, पुली, आकडे यांची दुकानं लागूनच आहेत. हार्नेसही ढिगानं. एका दुकानात दादानं पट्टा अंगावर चढवला आणि विचारलं, ‘‘लटकून बघू का?’’ दुकानदार आधी हसला, मग माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘मॅडम, माल टेस्टेड आहे.’’ असेलच. पण पट्टा तुटणार नाही एवढंच त्या टेस्टमध्ये कळतं. माणूस त्यात किती वेळ बसू शकेल ते कळत नाही. येताना लोकलमध्ये दादा म्हणाला, ‘‘ताई, उभं राहून सगळेच पट्टे चांगले वाटतात.’’ आख्ख्या खरेदीतलं सगळ्यात उपयोगी वाक्य ते होतं, आणि ते एक पैसा न मोजता मिळालं.

झाडावर चढायचे खास पट्टे वेगळे असतात. जुन्या गिर्यारोहणातल्या ओळखीतून दोन मिळाले, बघून परत द्यायच्या बोलीवर. युरोपात ते दोन मानकांना उतरावे लागतात: बसण्याच्या पट्ट्यासाठी ईएन ८१३, आणि खोडाला टेकून काम करण्यासाठी ईएन ३५८. गिर्यारोहणाच्या हार्नेसवर ईएन १२२७७ असतं आणि अंगभर हार्नेसवर ईएन ३६१. कामाचा पट्टा कुठला, हे लेबलवरच्या एका आकड्यावरून कळतं. मोठ्या अक्षरातल्या जाहिरातीपेक्षा मी तो आकडा आधी वाचते.

सोसायटीतल्या आंब्याला दोर टाकला आणि दादाला जमिनीपासून वीतभर वर लटकवला. पहिली दहा मिनिटं सगळं छान असतं. त्यानं लटकल्या लटकल्या चहा घेतला, वॉचमनशी गप्पा मारल्या, मुलांनी त्याला झोके दिले. मग हळूहळू तो गप्प झाला. पहिल्या पट्ट्याचे मांडीपट्टे आतल्या बाजूनं काचत होते आणि कमरपट्टा सरकत बरगड्यांकडे चालला होता. ‘‘ताई, हा पोटात घुसतो.’’ खाली घेऊन आम्ही सगळे बंद पुन्हा लावले. कमरपट्टा कमरेच्या हाडांच्या वर, पण त्यांना टेकून बसला पाहिजे. आतून पंजा सपाट सरकवता यावा इतकाच घट्ट. मांडीपट्टे जमिनीवर ओढून घ्यायचे नसतात, कारण वजन पडलं की ते आपोआप आवळतात. आणि खरी मेख आहे कंबर आणि मांड्या यांच्यात वजन वाटून घेण्यात. सगळं कमरेवर आलं तर श्वास आखूड होतो, सगळं मांड्यांवर आलं तर पाय बधिर होतात. चांगल्या पट्ट्यात ही वाटणी कमी-जास्त करायला दोन्हींच्या मधे बंद असतात, स्वस्तातल्या पट्ट्यात ती कारखान्यातच ठरून गेलेली असते.

दुसऱ्या पट्ट्याला मांड्यांखाली आडवी फळी होती. बसायला ती सगळ्यात सुखाची, कारण मांडीला कुठेच काचत नाही. दादानं त्यात बसून पाहिलं, चार पावलं चालून पाहिलं, फळी गुडघ्याच्या मागे आपटली, खोडावर चढताना सालीत अडकली. ‘‘खुर्ची घेऊन झाडावर कशाला चढू?’’ असं म्हणून त्यानं तो उतरवून ठेवला. ज्यांना एकाच जागी खूप वेळ बसायचं आहे त्यांना तो आवडत असणार. आमच्याकडे एका झाडावरून उतरून दुसऱ्यावर जायचं असतं.

मापाचा प्रश्न मला आधी सुचलाच नव्हता. हे पट्टे शिवणाऱ्या कंपन्या फ्रान्स-ऑस्ट्रियातल्या. पेट्झलचा सिकोया, टॉयफेलबर्गरचा ट्रीमोशन ही त्यातली मान्यवर नावं. दादाची कंबर म्हणजे वेताची काठी. मधल्या मापाच्या पट्ट्याच्या गादीची दोन टोकं त्याच्या पोटावर पुढे येऊन एकमेकांना भिडली. ती अशी भिडली की पट्टा संपला म्हणायचं, आणखी आवळायला जागाच राहत नाही आणि बकल नको तिथे येतं. गादीच्या दोन टोकांमध्ये चांगलं अंतर उरलं पाहिजे. त्याला सगळ्यात लहान माप लागलं. तोच पट्टा मी घातला तर वेगळाच बसला. बायकांची कंबर आणि मांडी यांच्यातलं अंतर निराळं असतं, त्यामुळे मागचे बंद लांब करावे लागले. यापुढे कुणी मला ‘फ्री साइज’ सांगितलं तर मी दुकानाबाहेर पडेन.

आता पुढच्या दोराबद्दल, कारण या पट्ट्याचा जीव तिथे आहे. पट्ट्याच्या दोन बाजूंच्या कड्यांना जोडणारा हातभर दोर पोटासमोर असतो. त्याला ब्रिज म्हणतात. त्यावर एक कडी सरकते आणि वरचा मुख्य दोर त्या कडीला लागतो. गिर्यारोहणात दोर एकाच ठिकाणी घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे बाजूला वाकलं की अख्खी कंबर पिळवटते. इथे डावीकडे झुकलं की कडी डावीकडे सरकते, कंबर तिथल्या तिथे राहते. रेन ट्रीसारख्या छत्रीवाल्या झाडावर माणसाला खोडापासून खूप लांब जावं लागतं, तेव्हा दोर तिरका येतो आणि हे सरकणं कामाला येतं. दादानं आधी आखूड ब्रिज मागितला, कारण गाठ हाताशी राहते आणि चढताना दर वेळी वीतभर फुकट जात नाही. फांदीच्या टोकाला जाऊन आल्यावर म्हणाला, लांब हवा. लांबी बदलता येईल असा घ्यायचा, हे तिथेच ठरलं. आणि सगळ्यात जास्त झिजतो तो हाच दोर, म्हणून तो वेगळा काढून नवा घालता येईल असाच पट्टा घ्यावा. ब्रिज शिवून टाकलेला असेल तर तो झिजला की सगळा पट्टा बाद.

बाजूच्या कड्या लोकांना शोभेच्या वाटतात. करवत चालू असताना माणूस दोन ठिकाणी बांधलेला असावा, असा झाडकामातला नियम आहे. मुख्य दोर एक आणि फांदीभोवती किंवा खोडाभोवती घेतलेला आखूड दोर दुसरा. तो दुसरा या कड्यांना लागतो. करवतीला दोर आणि फांदी यातला फरक कळत नाही, म्हणून पुष्कळजण या आखूड दोरात पोलादी तारेचा गाभा असलेला घेतात. दोन्ही बाजूंना टेकल्यावर दोन्ही हात मोकळे राहतात. हे पाहून दादा पहिल्यांदा खूश झाला. इतकी वर्षं त्याचा एक हात फांदी धरण्यात गेला होता.

आरामाचा हा एवढा पाढा कमिटीला ऐकवला तर ‘लाड’ वाटतो. म्हणून मी तो वेगळ्या शब्दांत ऐकवला. काचणारा पट्टा माणूस सैल करतो, नाहीतर काढून खिळ्याला टांगतो. बधिर पायांनी तो फांदीवर चुकीचं पाऊल टाकतो. घाईनं काम उरकतो. आणि पट्ट्यात निपचित लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साठून त्याला भोवळ येऊ शकते. हे तर परांचीवर घडो की झाडावर, दोन्हीकडे सारखंच. तेव्हा त्याला लवकर खाली घेता येईल असं कुणीतरी खाली हवं, आणि ते कुणी म्हणजे सूचना देणारे चौघे नव्हेत.

टिकाऊपणाच्या बाबतीत ठाण्याची हवा कुठल्याच पट्ट्याची मित्र नाही. मेमधला घाम, जूनपासूनचा ओलावा, आणि पूर्वेला खाडी. जाड स्पंजाची गादी घामानं भिजली की दुसऱ्या दिवशी वास मारते आणि कडक होते. जाळीचं अस्तर आणि हवा खेळायला वाट असलेली गादी दिसायला हलकी वाटते, पण तीच घ्यावी. पट्ट्याचं सूत नायलॉनचं असतं किंवा पॉलिएस्टरचं. नायलॉन मजबूत खरं, पण पाणी पितं आणि ओलं असताना थोडं कमकुवत होतं; उन्हात पॉलिएस्टर जास्त तग धरतं. दोघांनाही ऊन खातंच. शिलाई पट्ट्याहून वेगळ्या रंगाची असावी, म्हणजे टाका उसवला की लगेच दिसतो. काळ्यावर काळी शिलाई छान दिसते, पण ती तपासताना डोळे फुटतात. कड्या अॅल्युमिनियमच्या हलक्या, पण खाऱ्या हवेत त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते, ती पुसत राहावी लागते. फणसाच्या आणि वडाच्या चिकाचं काय करायचं ते मात्र कुठल्याच माहितीपत्रकात नाही. दादा आधी तेलानं काढायचा. त्याला सांगितलं, पट्ट्याला तेल-पेट्रोल काही लावायचं नाही, कोमट पाणी आणि अंगाचा साबण, आणि सावलीत वाळवायचं.

एवढं सांभाळूनही सुताचं आयुष्य संपतंच. पेट्झल आपल्या कापडी आणि प्लॅस्टिकच्या वस्तूंना जास्तीत जास्त १० वर्षं देतं, तीही तयार झाल्याच्या तारखेपासून, आणि वर्षातून एकदा जाणकाराकडून सविस्तर तपासणी सांगतं. म्हणून दुकानात पडून राहिलेला जुना माल ‘डिस्काउंट’मध्ये घेण्यात फायदा नाही. लेबलवरची तारीख वाचायची. करवतीचा एक ओरखडा बसला तर मात्र पहिल्या दिवशीसुद्धा तो पट्टा गेला.

नारळाचं काय, असं कमिटीतल्या एका काकांनी विचारलं. नारळाला वर दोर टाकायला बेचकं नसतं, त्यामुळे हा सगळा थाट तिथे अर्धाच चालतो; खोडाभोवतीचा आखूड दोर आणि बाजूच्या कड्या तेवढ्या उपयोगी. पायात दोराचं कडं घालून सरसर चढणारे आता मिळत नाहीत, म्हणून तर नारळ विकास मंडळानं २०११ साली पायानं चालवायच्या यंत्रावर चढायचं प्रशिक्षण सुरू केलं. दादा नारळावर चढत नाही. तो स्वतःच म्हणतो, ती विद्या वेगळी.

किंमत पाच आकडी. ती ऐकून सभेत काही क्षण पंख्याचाच आवाज होता. मग कुणीतरी १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याचा विषय काढला, की परवानगी, शुल्क, सगळं आपण झाडासाठी करतोच आहोत. मी म्हटलं, करतोच, आणि करायलाच हवं. वर चढणाऱ्याचा खर्च त्याच यादीत घाला. शेजारच्या दोन सोसायट्यांकडेही दादाच जातो, त्यांनी वाटा उचलला आणि विषय मिटला. पट्टा कुणाच्या नावावर, यावर मात्र बराच काथ्याकूट झाला. मी हट्ट धरला की तो दादाकडेच राहील. एकदा त्याच्या अंगाला बंद जुळले की दुसऱ्या कुणी ते हलवायचे नाहीत, आणि मीटर रूममध्ये तर मुळीच ठेवायचा नाही, तिथे इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या आहेत. बॅटरीतलं आम्ल नायलॉन खातं आणि वरून काही दिसतही नाही.

गेल्या आठवड्यात सेक्रेटरींचा फोन आला. दिवाळीआधी इमारतीला रंग काढायचाय, रंगारी झुल्यावर बसणार, तर दादाचा तो महागातला पट्टा चार दिवस मागून घेता येईल का? मी म्हटलं, नाही. रंगाऱ्याला तुमचा तो दोन-तीन हजारांचा भगवाच बरोबर आहे. फक्त त्याच्यासाठी गच्चीवरून वेगळा दोर सोडा, आणि आकडा त्या दोराला अडकवलाय की नाही ते खाली उभं राहून बघा.